परसातली छत्री पिकवता येईल का?



पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय ठरलेले असतात. पापड सादळले, डाळीला पोरकिडे झाले, भिंतीला ओल आली. या आठवड्यात मात्र शिंदखेड्याहून एक निराळंच पत्र आलं. त्याचं उत्तर चार ओळींत देण्यासारखं नाही, म्हणून आजची सगळी जागा त्यालाच देते आहे.

ताई लिहितात : "आमच्या परसात शेवग्याचं वाळलेलं खोड पडलेलं आहे. तीन वर्षं झाली, दोन-चार चांगले पाऊस झाले की त्यावर पंख्याच्या आकाराच्या, पांढुरक्या छत्र्यांचे घोस येतात. सासूबाई म्हणतात, ह्या खायच्या असतात, माझ्या माहेरी खात. मागच्या वर्षी आम्ही भाजी केली, कुणाला काही झालं नाही. आमचा अकरा जणींचा बचतगट आहे. याच छत्रीचं बियाणं करून घ्यावं, गटातून कर्ज काढून शेड टाकावी, असं चाललं आहे. एक जण बियाणं करून द्यायला आणि माल परत घ्यायला तयार आहेत. आपल्याच मातीतली छत्री, आपल्या उन्हाला टिकेल असं वाटतं. तुमचा सल्ला कळवावा."

ताई, कर्ज आत्ता काढू नका. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहायला नको. पण तुमची कल्पना वेडगळ आहे असं मुळीच नाही. आज आपल्या देशात ज्या अळिंब्या पिकतात, त्यांतल्या दोन तर अशाच रानातून उचलून आणलेल्या आहेत. फक्त रानातून शेडपर्यंत यायला त्यांना किती परीक्षा द्याव्या लागल्या, ते ऐका.

पहिली आपली धिंगरी. शिंपल्यासारखी दिसते म्हणून तिला शिंपला अळिंबीही म्हणतात. भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवण्याची पद्धत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो या बाईंनी श्रीवास्तव यांच्यासोबत बसवली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. पुढे १९७४ मध्ये जंदैक यांना हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या एका जातीवर वाढणारी करडी धिंगरी सापडली. आपल्या शेताच्या बांधावर काटेरी थोर असतो ना, त्याच कुळातलं ते झाड. ती छत्री पेंढ्यावर इतकी सहज वाढली, की पुढे देशभर पसरली. गंमत म्हणजे, तिला दिलेलं शास्त्रीय नाव चुकीचं आहे, ती दुसऱ्याच नावाची जात आहे, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. खाणाऱ्याचं त्यात काही बिघडलं नाही, कारण दोन्ही खाण्याच्याच. पण शास्त्रज्ञांचीही नावात गफलत होते, तिथे आपण नुसत्या रंगरूपावरून ओळख पटवायची म्हणजे किती सांभाळायला हवं!

दुसरी दुधी अळिंबी. हिची गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे. पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी १९७४ साली पश्चिम बंगालमधल्या या रानछत्रीची नवी जात म्हणून नोंद केली. पांढरीशुभ्र, मांसल, जाड देठाची. पुढच्या काही वर्षांत ती पिकवण्याची पद्धतही त्यांनी सांगितली. तरी वीसेक वर्षं ती मागेच पडून राहिली. मग तामिळनाडू कृषी विद्यापीठाने पारख करून, निवड करून १९९८ साली 'एपीके-२' नावाचा वाण बाहेर काढला. एपीके म्हणजे अरुप्पुकोट्टई. विरुदुनगर जिल्ह्यातलं हे गाव, तिकडेही कोरडवाहू शेती आणि कडक ऊन. ३० ते ३५ अंशांत ही छत्री खुशाल वाढते. नोंद झाल्यापासून वाण हाती येईपर्यंत २४ वर्षं गेली बरं का! तुम्हाला तेवढं थांबावं लागणार नाही, पण एका पावसाळ्यात निकाल लागेल, हा हिशेब सोडा.

आता मुळाशी येऊ. खाता येणं आणि पिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारुळावर येणारी अळंबी घ्या. गोव्यात तिला रोण अळमी म्हणतात, विदर्भात सात्या. चवीला तिच्यासारखी दुसरी नाही आणि भावही तसाच. पण ती छत्री वाळवीच्या घरात, वाळवीनेच राखलेल्या बुरशीतून उगवते. वाळवीवाचून, माणसाने तिची भरवशाची शेती अजून केलेली नाही. तुमची छत्री वाळक्या लाकडावर येते, ही त्या मानाने चांगली खूण. लाकूड खाणारी बुरशी बहुधा काड, भुसाही खाते. पण 'बहुधा' या शब्दावर अकरा जणींचं कर्ज काढायचं नसतं.

सगळ्यात आधी ओळख. सासूबाईंचा अनुभव मी हसण्यावारी नेत नाही. जुन्या बायकांना रानभाजीची जी नजर असते ती पुस्तकात मिळत नाही. पण त्यांच्या माहेरची छत्री आणि तुमच्या खोडावरची छत्री एकच, हे कुणी ताडून पाहिलं आहे? एकदा खाऊन काही झालं नाही म्हणून पुढच्या वर्षी त्याच खोडावर दुसरी जात येणार नाही, असंही नाही. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळी झाली तर विषारी, किडीने खाल्ली असेल तर चांगली, हे सगळे ठोकताळे खोटे आहेत. काही जहाल छत्र्यांचं विष उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात आणि आत यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात चहामळ्यांच्या भागात रानातल्या छत्र्या खाऊन १३ माणसं दगावली. त्यात एक लहान मूलही होतं. तीही माणसं अनोळखी नव्हती रानाला.

म्हणून ओळखीचं काम नीट करा. छत्री कोवळी, मध्यम आणि पूर्ण उमललेली, अशी तिन्ही वयांची घ्या. देठाच्या तळापासून काढा, कापू नका. रात्री एका छत्रीचा देठ काढून ती पंखे खाली करून कागदावर ठेवा. अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा. वर वाटी पालथी घाला. सकाळी कागदावर बारीक भुकटीची नक्षी उमटलेली दिसेल. ती भुकटी म्हणजे तिचं बी. तिचा रंग कोणता, हे ओळखीत फार मोलाचं असतं. कुठल्या झाडाचं लाकूड, कोणता महिना, किती पाऊस झाल्यावर, सगळं वहीत लिहा. मग हा सगळा ऐवज धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पतिरोगशास्त्राच्या लोकांना दाखवा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तर अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्पच आहे. ओळख लेखी मिळेपर्यंत भाजी बंद. सासूबाई रागावल्या तर माझं नाव सांगा!

ओळख पटली, जात खाण्याची निघाली, असं धरून पुढे जाऊ.

जात आणि वाण यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा? वांगं ते वांगंच, पण भरताला बामणोदकडचं वांगं वेगळं आणि मसाल्याचं भरलं वांगं वेगळं. छत्रीचंही तसंच. एकाच जातीच्या दोन छत्र्या, एक तुमच्या खोडावरची आणि एक शेजारच्या गावातली, उत्पन्नाला अगदी निराळ्या निघतील. आणखी एक. भुकटीपासून रोप करणं म्हणजे आंब्याची कोय लावण्यासारखं आहे, काय येईल सांगता येत नाही. छत्रीच्या आतला ताजा गर घेऊन तो वाढवला तर ते कलम झालं, आईसारखीच लेक. पारख करायची तर कलमाचीच. हा गर आगर घातलेल्या बटाट्याच्या रसावर, निर्जंतुक काचेत वाढवतात. स्वयंपाकघरात हा उद्योग करू नका. हवेतली शंभर बुरशी त्यात आधी शिरते आणि आपण पांढरं दिसतंय म्हणून खूश होतो. हे काम प्रयोगशाळेचंच. तिथे तो गर वेगवेगळ्या उष्णतेत ठेवून रोज किती पसरला ते मोजतात. तुमच्या 'उन्हाला टिकेल' या म्हणण्याची पहिली कसोटी तिथेच लागते.

त्यावरून आठवलं. ताई, तुमच्या पत्रातलं ते वाक्य मला आवडलं, पण त्यात एक मेख आहे. छत्री मे महिन्यात त्या खोडात जिवंत असते हे खरं, नाहीतर जुलैत आली कुठून? पण मेमध्ये ती लाकडाच्या पोटात झोपलेली असते. छत्र्या धरते ती पाऊस पडून हवा गार आणि ओलसर झाल्यावरच. उन्हात जगणं आणि उन्हात पीक देणं, यांत मोठं अंतर आहे. शिंदखेड्याच्या उन्हाळ्यात ती काही देते का, हे पिशव्या भरूनच कळेल.

तर पिशव्यांकडे वळू. कलमापासून उकडलेल्या ज्वारीवर बी तयार करतात, त्याला स्पॉन म्हणतात. ते तयार झालं की वीस पिशव्यांचा प्रयोग करा. दहा पिशव्या तुमच्या छत्रीच्या आणि दहा नेहमीच्या, विकत मिळणाऱ्या धिंगरीच्या. एकाच दिवशी, एकाच भुशावर, एकाच खोलीत. ही दुसरी दहा सोडू नका. तुलनेवाचून 'छान आलं' म्हणण्याला काही अर्थ नाही. सून एकटीच असली की सगळी कामं तिचीच चांगली, तसं व्हायचं!

गव्हाचा भुसा दोन-दोन इंच लांबीचा घ्या, स्वच्छ आणि न भिजलेला. रात्रभर पाण्यात बुडवा. मग ८० अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवा. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, पण हात बुडवता येणार नाही इतकं गरम हवं. निथळा. मुठीत दाबला तर ओल लागावी, पण पाणी टपकू नये. एका पिशवीत एक किलो कोरड्या भुशाचा ओला भुसा बसेल असं माप धरा. थरावर थर देत, ओल्या भुशाच्या वजनाच्या शेकडा दोन या मापाने बी पेरा, तोंड बांधा, भोकं पाडा. पंधरा-वीस दिवस अंधाऱ्या, पंचविशीच्या आसपासच्या खोलीत ठेवा. आत पांढरं जाळं पसरून भुशाची घट्ट वीट झाली की पिशवी काढून उजेड, खेळती हवा आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. आठवड्याभरात गुंडीएवढे कोंब दिसतील.

आता खरी गोष्ट, वही. पिशवीला आकडा द्या आणि प्रत्येक पिशवीची ओळ वेगळी ठेवा. किती दिवसांत पांढरी झाली. पहिला कोंब कधी. पहिल्या तोडणीला किती ग्रॅम, दुसरीला, तिसरीला किती. हिरवी बुरशी लागून किती पिशव्या फेकल्या, त्याही लिहा. बायका चांगल्या पिशव्यांचं तेवढं लिहितात आणि फसलेल्या विसरतात, तिथेच हिशेब चुकतो. मग एकूण ताज्या मालाला कोरड्या भुशाच्या वजनाने भागून शंभराने गुणा. समजा, दहा किलो भुशावर सात किलो छत्री आली, तर सत्तर टक्के. चांगल्या वाणाची धिंगरी नीट सांभाळली तर साठ-सत्तर, कधी त्याहून जास्तही देते. तुमची रानातली पंचवीस-तीसवर अडली तर मनाला लावून घेऊ नका, रानातल्या बहुतेक अशाच निघतात. पण मग शेड टाकू नका.

एक सावधगिरी. ओल्या भुशावर आपण न पेरलेल्या छत्र्याही येतात. लांब बारीक देठाच्या, करड्या, एका दिवसात शाईसारख्या काळ्या होऊन विरघळणाऱ्या. त्या काढून टाका. पिशवीतून आली म्हणजे आपलीच, असं समजून पातेल्यात घालू नका. तुमच्या पेरलेल्या छत्रीची भुकटी आणि रूप पहिल्या खोडावरच्या नोंदीशी जुळतं का, ते प्रत्येक तोडणीला पाहा.

वजनाइतकंच टिकाऊपण महत्त्वाचं. तुमचा माल दोंडाईच्याला किंवा धुळ्याला जाणार. सकाळी तोडलेली छत्री भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फळीवर ठेवा आणि किती तासांनी पिवळी पडते, चिकट होते, वास येतो, हे घड्याळ लावून पाहा. देठ चामट असेल तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. वाळवूनही पाहा. दहा किलोची साधारण एक किलो होते, आणि पावसाळी हवेत ती वाळवणं हे एक वेगळंच दुखणं आहे.

चवीची परीक्षा शेवटी, आणि ओळखीचं पत्र हाती असेल तरच. तीही नुसत्या तेल-मिठावर परतून. आपला काळा मसाला घातलात तर भोपळ्याची सालंही चविष्ट लागतील. त्यात छत्रीचं कौतुक काय? पहिल्या वेळी थोडीशीच खा, नीट शिजवून, आणि लहान मुलांना देऊ नका.

धिंगरीच्या भुकटीचाही त्रास असतो, हे फार कुणी सांगत नाही. बंद खोलीत पिशव्या उमलल्या की धुरासारखी बारीक भुकटी उडते. रोज तोडणी करणाऱ्या बाईला खोकला आणि धाप लागू शकते. कडा वर वळायच्या आत तोडा, नाकातोंडाला फडकं बांधा, आधी दारं-खिडक्या उघडा. गटात कुणाला दमा असेल तर तिला पिशव्या भरण्याचं काम द्या, तोडणीचं नको. तुमची छत्री भुकटी कमी सोडणारी असेल, तर ते उत्पन्नाइतकंच मोठं वाण समजा.

आणि पाणी! शिंदखेडा तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याची काय दशा असते, ते तुम्ही मला शिकवाल. खोलीत ओल राखायला फवारे, ओली पोती, भिंतींवर शिंपण, सगळं लागतं. म्हणून वहीत एक रकाना पाण्याचा ठेवा, रोज किती बादल्या. हा रकाना तुम्हाला कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, पण तुमच्या गावी नफा-तोटा त्यावरच ठरेल. दोन वाणांचं उत्पन्न सारखं आलं आणि तुमच्या छत्रीला पाणी कमी लागलं, तर ती जिंकली म्हणा.

एक पावसाळ्यातला, एक हिवाळ्यातला आणि एक मार्च-एप्रिलमधला, असे किमान तीन प्रयोग व्हायला हवेत. पावसाळ्यात सगळ्याच छत्र्या गुणी असतात. जमलं तर भुशाबरोबर पऱ्हाट्यांचा बारीक भुगा आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा चुरा यांच्याही दोन-दोन पिशव्या भरा. गव्हाचा भुसा गुरांनाही लागतो आणि टंचाईच्या वर्षी त्याचा भाव चढतो. पऱ्हाट्या मात्र तुमच्याकडे चुलीत जातात किंवा बांधावरच जळतात.

त्या बियाणं देणाऱ्या गृहस्थांविषयी. वाईट असतील असं मी म्हणत नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण कुणाचंच बी अजून पारखलेलं नसताना ते माल परत घेण्याचं वचन कशाच्या जोरावर देतात, हे विचारा. बियाण्याचे पैसे आधी आणि माल घेण्याचं फक्त तोंडी, असं असेल तर दारातूनच नमस्कार करा. शिवाय, एकाच कलमापासून पुन्हा पुन्हा बी करत गेलं की वाणाचा जोर ओसरतो. मूळ कलम जपून कोण ठेवणार, कुठे ठेवणार, हेही विचारा.

दरम्यान गटाला हात बांधून बसायची गरज नाही. ऑगस्ट ते फेब्रुवारी तुमच्याकडे नेहमीच्या धिंगरीचा हंगाम चांगला असतो. जे दहा तुलनेचे म्हणून म्हटले, त्याच्या ऐवजी तीस भरा. गटाच्या शिल्लकेतूनच होईल. फवारा, तोडणी, विक्री, सगळ्याचा हात बसेल आणि तुमच्या छत्रीची परीक्षा घेणाऱ्या बायका घरच्या घरी तयार होतील. उन्हाळ्यासाठी दुधी अळिंबीच्या दोन-चार पिशव्या करून पाहा. तिला वरून मातीचा थर द्यावा लागतो, पण तोडल्यावर ती धिंगरीपेक्षा जास्त दिवस टिकते.

ते शेवग्याचं खोड मात्र जळणात जाऊ देऊ नका. सावलीत सरकवा, जमिनीला टेकलेलं असू द्या आणि सगळे घोस एकदम तोडू नका, दोन-तीन उमलून जाऊ देत. नमुना नेताना कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लास्टिकमध्ये घाम सुटून दुपारपर्यंत तिचा लगदा होतो. सकाळी काढा आणि त्याच दिवशी धुळ्याला पोचवा. उत्तर आलं की मला कळवा, निकाल काहीही असो.